तापीकाठाहून डांगच्या डोंगरात

सुरतेच्या रहिवाशाला दोन दिवसांची सुटी मिळाली की तो बहुधा दोन वाटांपैकी एक वाट धरतो. एक वाट डुमसच्या नाही तर तिथलच्या समुद्राकडे जाते; दुसरी बारडोली, व्यारा, उनाई, वघई अशी गावे मागे टाकीत डांगच्या डोंगरात शिरते आणि सापुताऱ्याच्या पठारावर जाऊन पोहोचते. अंतर सुमारे १६० किलोमीटर. मोटार बेताच्या वेगाने चालविली तर चार तासांचा प्रवास. एवढ्या थोड्या वेळात समुद्रालगतची काळी जमीन, उसाचे मळे, टेकड्यांची रांग, सागाचे दाट अरण्य आणि जवळजवळ हजार मीटर उंचीवरचे गार पठार अशी भूमीची रूपे एकामागून एक पाहावयास मिळतात. असे रस्ते आपल्या देशात फार नाहीत.

परंतु या रस्त्याला दुसरीही एक बाजू आहे. प्रवासी वर जातो तो निसर्ग पाहण्यासाठी. आणि त्याच वाटेने गेली दोनशे वर्षे डोंगरातून बरेच काही खाली येत राहिले आहे. लाकूड आले, पाणी आले, माती आली आणि माणसेही आली. सुरत आणि तिच्या भोवतालचा सखल मुलूख आज जसा दिसतो, तसा तो होण्यात या डोंगराचा वाटा फार मोठा आहे. ही गोष्ट ध्यानी ठेवून हा प्रवास केला, तर वाटेवरची ठिकाणे पाहणाऱ्याला अधिक काही सांगू लागतात.

सुरतेतून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडते ती काळी माती. सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याला भूशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, तो शतकानुशतके झिजला, नद्यांच्या पुरांबरोबर वाहत आला आणि तापी, मिंढोळा, पूर्णा, अंबिका या नद्यांच्या काठी थराथरांनी साचला. तापीच्या दक्षिणेला, सोनगढ आणि डांगच्या परिसरात, सह्याद्रीच्या उत्तरेकडील अखेरच्या रांगा आहेत. तेथून निघून जो पर्वत थेट केरळापर्यंत जातो, त्याच पर्वताच्या झिजेतून सुरतेभोवतीचे सुपीक मैदान पुष्कळसे तयार झाले आहे. शेतकऱ्याच्या नांगराखाली येणारे ढेकूळ मुळात डोंगराचे आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

शहराची वस्ती संपता संपता आणखी एक गोष्ट प्रवाशाच्या कानी पडते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो आणि त्या आवाजात मराठी, विशेषतः खानदेशी बोली, सहज ऐकू येते. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे पोटासाठी तापीच्या खोऱ्यातून सुरतेला आली आणि येथेच स्थिरावली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते, यावरून या वस्तीची कल्पना येईल. या कुटुंबांना सापुताऱ्याचा रस्ता केवळ सहलीचा वाटत नाही. त्यांच्यापैकी अनेकांच्या दृष्टीने तो सप्तशृंगी देवीच्या दर्शनाचा रस्ता आहे.

सुमारे ३५ किलोमीटर गेल्यावर बारडोली लागते. १९२८ साली येथील शेतकऱ्यांनी वाढीव शेतसारा भरण्याचे नाकारले. सरकारने सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला होता. सत्याग्रहानंतर चौकशी झाली आणि ती वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणावी, असा निर्णय निघाला. या लढ्याचे नेतृत्व करणारे वल्लभभाई पटेल येथूनच ‘सरदार’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यापूर्वी काही वर्षे, १९२२ साली, या मुलखात एक निराळी चळवळ होऊन गेली होती. देवी अंगात येऊन बोलते आणि दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, स्वच्छ राहा, गुत्तेदाराची चाकरी करू नका असे सांगते, अशी वार्ता पालघरच्या किनाऱ्याकडून निघाली. गावोगावचे आदिवासी एकत्र जमू लागले. ती लाट नाशिकचा डोंगराळ भाग आणि डांग ओलांडून व्यारा, बारडोलीपर्यंत पोहोचली. अशा रीतीने एक मोठा समाजसुधारणेचा विचारही डोंगराच्या वाटेनेच खाली उतरला. आणि तो कोणा शहरी सुधारकाने सांगितलेला नव्हता, हे विशेष होय.

बारडोलीच्या पुढे दोन्ही हातांस उसाचे मळे पसरलेले दिसतात. १९५०च्या दशकात तापीवर काकरापारचा बंधारा झाला, १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले आणि कालव्यांचे पाणी या मैदानात खेळू लागले. कापूस आणि ज्वारी मागे पडून ऊस पुढे आला आणि सहकारी साखर कारखाने भरभराटीस आले. उकाईच्या जलाशयाखाली मात्र तापीकाठच्या कितीतरी आदिवासी गावांची शेते गेली. त्या गावांतील पुष्कळ माणसांना पुढे याच कालव्याखालच्या मळ्यांत मजुरी शोधावी लागली.

दिवाळीनंतर या रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला समोरून येणारी मालवाहू वाहने दिसतात. त्यांत स्त्रिया, पुरुष, लहान मुले, भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि एखादे कुत्रेसुद्धा असते. ही डांगची आणि शेजारच्या खानदेशची ऊसतोड मंडळी होत. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी हंगामभर कोयता चालवावयाचा असतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो. गावाबाहेरच्या मोकळ्या जागी त्यांचे पडाव पडतात; काटक्यांच्या आधाराने उभारलेल्या झोपडीत पाच-सहा महिने काढावयाचे आणि पाऊस तोंडावर आला की पुन्हा डोंगर चढावयाचा. आईबापांबरोबर आलेल्या मुलांची शाळा तेवढ्या काळापुरती बुडते. चार महिने वर्गाबाहेर राहिलेले मूल पुढल्या वर्षी मागे पडते आणि काही वर्षांनी त्याच्याही हाती कोयता येतो. गार हवा खाण्यासाठी मोटार वर जात असते त्याच वेळी ही वाहने खाली येत असतात. दोघांचा रस्ता एकच. प्रवासाची कारणे मात्र अगदी भिन्न.

व्याऱ्याला हमरस्ता सोडून दक्षिणेकडे वळले की भूमीचा उतार-चढाव जाणवू लागतो. शेते लहान होतात, विटांच्या भिंतींच्या जागी कुडाच्या भिंती दिसू लागतात आणि आकाशाच्या कडेला निळसर डोंगररेषा उमटते. उनाई येथे उन्हाळी, म्हणजे ऊन पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले, अशी आख्यायिका तेथे सांगतात. चैत्री पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते आणि आदिवासी व बिगर आदिवासी यात्रेकरू एकाच कुंडाचे पाणी अंगावर घेतात. उनाईपासून जवळच जुने वांसदा संस्थान होते. त्या संस्थानिकांच्या खाजगी अरण्यातून निर्माण झालेले वांसदा राष्ट्रीय उद्यान १९७९ साली जाहीर झाले. विस्तार सुमारे २४ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठा नाही. तथापि त्यातील कळकांची बेटे आणि उंच सरळ वृक्ष पाहिले म्हणजे एके काळी हा सारा प्रदेश कसा असेल याची कल्पना करता येते.

वघई हे डांगचे प्रवेशद्वार. येथपर्यंत बिलिमोऱ्याहून ६३ किलोमीटर लांबीचा अरुंद रुळांचा लोहमार्ग आला आहे. बडोद्याच्या गायकवाड सरकारने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो बांधविला. रानातल्या या लहानशा स्थानकापर्यंत आगगाडी आणण्याचा खर्च बडोद्यासारख्या संस्थानाने का केला, या प्रश्नाचे उत्तर वघईच्या लाकडांच्या वखारींत सापडते. डांगचा साग हे ते उत्तर होय.

या सागाची कीर्ती जुनी आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत सुरतेला जहाजे बांधली जात आणि तेथील नामांकित पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया यांना १७३६ साली मुंबईला बोलावून घेण्यात आले, तेव्हापासून मुंबईच्या गोदीची भरभराट झाली. गोदीला लाकूड अखंड हवे असे. १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांशी करार केले आणि त्यांच्या अरण्याचा पट्टा ठराविक वार्षिक रकमेच्या बदल्यात मिळविला. प्रथम जहाजांसाठी आणि पुढे आगगाडीच्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी डांगचे साग पडू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अरण्याचा मोठा भाग राखीव झाला. ज्या रानात आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राब जाळून नागली पिकवीत, मोह वेचीत आणि मध काढीत, त्या रानात कुऱ्हाड घेऊन जाणे हा त्यांच्याकडून घडणारा गुन्हा ठरला. या निर्बंधांविरुद्ध डांगात वेळोवेळी उठावही झाले. लोकांचे रानावरील हक्क कायद्याने मान्य करण्यास मात्र २००६ साल उजाडावे लागले.

त्या जुन्या करारांची एक आठवण अद्याप जिवंत आहे. होळीच्या आधी डांगचे मुख्य ठिकाण आहवा येथे ‘डांग दरबार’ भरतो. गाढवी, आमाळा, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी या पाच ठिकाणचे राजे सजविलेल्या बग्ग्यांतून मिरवीत येतात. त्यांना आणि नायकांना सरकारकडून सालाबादचे मानधन समारंभपूर्वक देण्यात येते. १९७१ साली देशातील मोठमोठ्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले, परंतु डांगच्या या राजांचे मानधन चालू राहिले, कारण ते मुळात त्यांच्या अरण्याच्या मोबदल्यापोटी होते. दरबाराच्या मांडवात बसलेल्या प्रेक्षकाला बग्ग्या आणि फेटे दिसतात. बग्गीतला राजा वर्षभर आपल्या गावी साध्या घरात राहतो आणि शेती करतो, हे त्याला क्वचितच ठाऊक असते.

वघईस थांबून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. वनखात्याचे वनस्पती उद्यान २४ हेक्टरांत पसरले आहे. पावसाळ्यात गावापासून थोड्या अंतरावरचा गिरा धबधबा भरभरून कोसळतो. उन्हाळ्यात मात्र त्याच खडकांवरून पाण्याची क्षीण धार ओघळताना दिसते. रस्त्याच्या कडेला कोटवाळिया कारागीर कळकाच्या टोपल्या, सुपे आणि करंड्या विणीत बसलेले असतात. त्यांच्या बोटांची चपळाई पाहून प्रवासी क्षणभर थबकतो. घासाघीस न करता एखादी टोपली विकत घेतली, तर हा प्रवास त्या कारागिरालाही लाभदायक ठरेल.

वघईहून एक फाटा आहव्याकडे जातो. ज्याच्यापाशी वेळ असेल त्याने सरळ सापुताऱ्यास न जाता या फाट्याने वळावे. आहव्याच्या पलीकडे महालच्या बाजूला पूर्णा नदीच्या काठी दाट अरण्य आहे. १९९० साली ते अभयारण्य झाले. साग, ऐन, खैर, शिसव, मोह आणि कळक यांच्या सावलीतून जाणारा हा रस्ता साऱ्या प्रवासात अधिक शांत आहे. याच अभयारण्यात रानपिंगळा या दुर्मिळ घुबडाची नोंद झाली आहे. १८८४ नंतर हा पक्षी कोणा अभ्यासकाच्या दृष्टीस पडला नव्हता आणि तो नामशेष झाला असे समजले जात होते. १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला, आणि पुढे डांगच्या रानातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. वाघाच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डांगातून वाघ नाहीसा झाला. बिबळ्या तेवढा उरला. तथापि गावाच्या शिवेवर लाकडी वा दगडी फळीवर कोरलेला वाघदेव, त्याच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य, हे दृश्य आजही दिसते. वाघबारशीला त्याची पूजा होते. जनावर गेल्यानंतरही त्याच्याविषयीचा आदर लोकांनी सोडलेला नाही.

डांगचा विस्तार सुमारे १७६४ चौरस किलोमीटर आणि गावे ३११. २०११ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या २,२८,२९१. त्यांत शेकडा ९४ हून अधिक आदिवासी. कोकणा, भिल्ल, वारली हे येथील मुख्य समाज. त्यांची डांगी बोली ऐकताना नाशिककडचा माणूस म्हणतो की ही मराठी आहे, आणि सुरतेकडचा म्हणतो की ही गुजराती आहे. या बोलीवरून एके काळी मोठा वाद माजला होता. १९४९ साली मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी डांगचा दौरा केला, आणि त्यानंतर शाळांतील भाषा गुजराती असावी की मराठी यावरून वृत्तपत्रांत आणि सभांत रणे माजली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डांगचे नाव वारंवार घेतले गेले. अखेर १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला.

आज तो वाद विरला आहे आणि तो पुन्हा उकरून काढण्याचे कारण नाही. तरीपण त्यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंचे विद्वान डांगी माणसाच्या तोंडचे प्रत्यय आणि क्रियापदे तपासीत होते. त्याच्या शेताचे, रानाचे आणि पाण्याचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात मागे राहिला. सीमारेषेच्या दोन्ही अंगांस राहणाऱ्या कोकणा लोकांचे सोयरसंबंध पूर्वीप्रमाणेच चालू आहेत. मार्गशीर्षात डोंगरदेवाचा उत्सव डांगात जसा होतो, तसाच सुरगाण्यात आणि बागलाणातही होतो. भोपळ्याच्या पावरीचे सूर दोन्हीकडे सारखेच घुमतात, आणि भवाड्यातील सोंगांचे मुखवटे पाहिले तर ते कोणत्या राज्यातील हे ओळखणे कठीण जाईल.

पाण्याची कथा याहून बिकट आहे. डांगात वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर वा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पूर्णा आणि अंबिका या नद्यांचे पाणी याच डोंगरांतून गोळा होते आणि नवसारी-बिलिमोऱ्याच्या बागाईत मुलखातून समुद्रास मिळते. परंतु उभ्या उतारावरून आणि कठीण पाषाणावरून पाणी थांबत नाही. ज्या गावात आषाढात चार-चार दिवस पाऊस उघडत नाही, त्याच गावात वैशाखात बाया एका हंड्यासाठी दरी उतरून झऱ्यावर जातात. खालच्या मैदानात पाटाचे पाणी उसाला मिळते आणि ज्या डोंगरावर ते पडले तेथील विहीर कोरडी असते. ही विसंगती मोटारीच्या काचेतून दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या पाड्यावर उतरून चौकशी केली म्हणजे ती कळते.

पार-तापी-नर्मदा नदीजोड योजनेमुळे हा प्रश्न अलीकडे पुन्हा ऐरणीवर आला. पश्चिमवाहिनी नद्यांवर धरणे बांधून त्यांचे पाणी कालव्याने उत्तरेकडे न्यावयाचे, अशी ती योजना. डांगातील काही जागाही धरणांसाठी योजिल्या होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेचा उल्लेख झाला, तेव्हा डांग, वांसदा आणि धरमपूर येथील आदिवासींनी मोठमोठे मोर्चे काढले. उकाईच्या जलाशयात गेलेल्या गावांची हकीकत त्यांच्या आईबापांनी त्यांना सांगितलेली होती. त्याच वर्षी मे महिन्यात गुजरात सरकारने ही योजना सोडून देत असल्याचे जाहीर केले. लोकांच्या मनातील धास्ती मात्र पुरती ओसरलेली नाही.

आहव्याहून असो वा वघईहून, अखेरची वाट सापुताऱ्याच्या घाटाची. वळणामागून वळण येते, सागाची पाने विरळ होतात आणि वाऱ्याला गारवा चढतो. पावसाळ्यात ढग रस्त्यावरच उतरतात आणि दरडींची भीती असते, म्हणून तेव्हा घाट दिवसाउजेडी आणि सावकाश चढावा. पठारावर मध्यभागी तलाव आहे, सभोवार बागा आणि विश्रांतिगृहे आहेत. ‘सापुतारा’ म्हणजे सापांचे ठिकाण. येथील सर्पगंगेच्या काठी नागाची प्रतिमा असून आदिवासी तिची पूजा करतात. गुजरात राज्य झाल्यानंतर त्या राज्याला स्वतःचे थंड हवेचे ठिकाण हवे होते. त्या गरजेतून सापुतारा उभा राहिला. पठारावर पूर्वीपासून राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांना तेव्हा जागा सोडून जवळच नवागाम येथे वसावे लागले. तलावातील नौकाविहार आटोपल्यावर प्रवाशाने नवागामलाही एक फेरी मारावी. जेथे त्याची खोली आहे ती जमीन कोणाची होती, हे त्याला तेथे समजेल.

याच पठारावर पूर्णिमाबेन पकवासा यांनी ऋतंभरा विश्वविद्यापीठ ही संस्था उभारली आणि आदिवासी मुलींच्या शिक्षणाचे कार्य दीर्घकाळ केले. ‘डांगच्या दीदी’ म्हणून त्यांची ख्याती होती. २००४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०१६ साली वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मूल ऊसतोडीला न जाता शाळेतच राहावे यासाठी निवासी शाळा किती उपयोगी पडते, हे या डोंगरात राहून काम करणाऱ्या अशा माणसांनी दाखवून दिले आहे. २०२१ साली डांग हा संपूर्ण नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर झाला. रासायनिक खते येथे पूर्वीही फारशी पोहोचली नव्हती. आता त्याच गोष्टीमुळे येथील नागलीला आणि तांदळाला चांगला भाव मिळाला, तर दिवाळीनंतर खाली उतरणारी काही वाहने तरी कमी होतील.

सापुताऱ्याहून परत न फिरता प्रवासी पूर्वेकडे निघाला, तर काही किलोमीटरांतच तो महाराष्ट्रात येतो आणि हातगडचा किल्ला समोर उभा राहतो. पलीकडे बागलाणच्या रांगा आहेत. त्यांतील साल्हेर हा १५६७ मीटर उंचीचा, सह्याद्रीतील सर्वांत उंच किल्ला. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत साल्हेरचा समावेश आहे. १६६४ आणि १६७० अशा दोन वेळी छत्रपती शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले. दुसऱ्या वेळी ते बागलाणातून परतत असता वणी-दिंडोरीजवळ मोगल सेनेने त्यांची वाट अडविली आणि तेथे मोठी लढाई झाली. आजचा प्रवासी ज्या डोंगररांगा ओलांडतो, त्याच रांगांमधून ही सैन्ये गेली होती.

या बाजूला घाट उतरावा लागत नाही. डोंगरापलीकडे दख्खनचे उंच पठारच पसरलेले आहे. वणी आणि दिंडोरीच्या शिवारात द्राक्षांच्या बागा आहेत आणि डोंगरमाथ्यावर सप्तशृंगीचे स्थान आहे. पाण्याच्या वाटा येथे फुटतात. पश्चिमेचे पाणी थोडक्या अंतरात अरबी समुद्रास मिळते. दिंडोरीकडचे पाणी कादवा नदीतून गोदावरीत जाते आणि साऱ्या दख्खनाची वाटचाल करून पूर्व समुद्र गाठते. केमच्या डोंगरात उगम पावणारी गिरणा तिसराच मार्ग धरते. ती खानदेशात उतरते, मालेगाव, चाळीसगावच्या बाजूने वाहत तापीला मिळते आणि तापीबरोबर पुन्हा सुरतेस येते. खानदेशातील माणसे ज्या दिशेने सुरतेला गेली, त्याच दिशेने हे पाणीही जाते.

हा प्रवास पावसाळा सरता सरता, आश्विनात करावा हे उत्तम. तेव्हा धबधबे आटलेले नसतात, खुरासनीची पिवळी फुले उतारावर डोलत असतात आणि नागलीची कणसे भरलेली असतात. वाटेतल्या एखाद्या साध्या खाणावळीत नागलीची भाकरी आणि उडदाचे वरण मागून खावे, बाटल्या आणि कागद रानात टाकू नयेत, आणि कोणाचे छायाचित्र घ्यावयाचे तर आधी त्याला विचारावे. डोंगराने सखल मुलखाला लाकूड, पाणी, माती आणि माणसांचे श्रम दिले, त्यांची मोजदाद करून परतफेड करणे कोणाही एका प्रवाशाच्या आवाक्यातले नाही. परंतु ज्या शहरात आणि ज्या मळ्यांत हे सारे पोहोचते, तेथील नागरिकांनी ऊसतोडीच्या पडावावर शाळा भरते की नाही, डोंगरावरच्या विहिरीत वैशाखात पाणी असते की नाही, एवढी चौकशी करावयास आरंभ केला, तरी सापुताऱ्याची सहल सत्कारणी लागली असे म्हणता येईल.